मास्तरांचं ॲडमिशन

घानातल्या साल्टपाँडच्या फांटे कोस्ट विद्यापीठात ऑनलाइन शिक्षणाचा विभाग होता, आणि तो होता शेळ्यांच्या रोगांच्या जुन्या प्रयोगशाळेत. शेळ्या केव्हाच गेल्या होत्या, पण पाऊस पडला की भिंती त्यांची आठवण काढत. विभागप्रमुख अराबा एसुमनला त्याचं काही वाटत नसे. सिनेटच्या बैठकीपेक्षा हा वास बरा, असं ती म्हणायची.

तिचं काम कागदावर मोठं भारदस्त होतं. देशभर विखुरलेल्या, नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना घरबसल्या पदवी मिळवून द्यायची आणि शिकवणाऱ्यांचं शिकवणं सुधारायचं. पहिलं काम अवघड होतं, दुसरं अशक्य. प्राध्यापक सुधारण्याची गोष्ट असते, हेच मुळात प्राध्यापकांना मान्य नव्हतं. सुधारायचं ते विद्यार्थ्यांनी.

एका सोमवारी सकाळी तिचा फोन वाजला. आसिन फोसू गावाच्या पुढच्या एका दवाखान्यातली नर्स होती, मान्सा आर्हिन.

"मॅडम, तुमच्या कोर्समधून माझं नाव काढून टाका."

"का ग? काय झालं?"

"बेडन सरांचं लोकप्रशासनाचं लेक्चर लावलं. माझी ट्रोट्रो व्हॅन स्टँडवरून सुटली, दवाखान्यात पोचली, मी कपडे बदलले, दोन बाळांची वजनं घेतली, आणि सर अजून पाहुण्यांचं स्वागतच करत होते. आमच्याकडे बाळंतपण याच्यापेक्षा लवकर होतं."

अराबाला हसू आलं, पण ती प्रमुख होती, म्हणून तिनं खोकून घेतलं. "थांब जरा. नाव काढायला सांगू नकोस. मी बघते."

तिनं लेक्चर लावून पाहिलं. कॅमेरा मोठ्या सभागृहाच्या पार मागे ठेवलेला. त्यात बेडन सरांचं डोकं घेवड्याच्या दाण्याएवढं. आणि आवाज मात्र असा, की सर जणू विहिरीत उतरून बोलतायत. "आदरणीय अध्यक्ष, मान्यवर नाना-मंडळी, धर्मगुरू, वडीलधारे, बंधू आणि भगिनींनो, सर्वांचा मानपान यथासांग झाला आहे असे समजून…" समोर अध्यक्ष नव्हते, नाना म्हणवणारे गावचे राजे नव्हते, धर्मगुरूही नव्हते. एक कोंबडा होता. तो मधूनच दिसायचा आणि सरांपेक्षा नेमकं बोलायचा.

शेजारी यूफी ओटू उभा होता. विभागाची यंत्रं तो सांभाळायचा. तिशीचा, दाढीवाला, आणि तोंडाला अजिबात कुलूप नसलेला.

"आंटी, या कोर्सातून निम्मे पळालेत," तो म्हणाला. "उरलेले निम्मे पळायचं बटण शोधतायत."

अराबा उठली आणि थेट प्रोफेसर एको बेडन यांच्या खोलीत गेली. सर निवृत्तीला आलेले, उंच, इस्त्रीचा कडक शर्ट, टेबलावर चार मंत्र्यांसोबतचे चार फोटो. तिनं शक्य तितक्या गोड भाषेत सांगितलं की लेक्चर जरा लांबतं.

"लांबतं?" सरांनी चष्मा काढला. "मॅडम एसुमन, याच लेक्चरवर या देशाचे मंत्री तयार झाले."

'म्हणूनच देशाचं हे असं झालंय,' हे वाक्य अराबाच्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं. ते तिनं गिळलं. "सर, मुलं मोबाइलवर बघतात. प्रवासात बघतात."

"मग बघू नये प्रवासात. आम्ही कंदिलाखाली शिकलो. ज्याला शिकायचंय तो समुद्राच्या तळाशी बसूनही शिकतो."

"तिथं नेटवर्क नसतं, सर."

"हाच तो तुमच्या पिढीचा आळस," सर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा चष्मा लावला. याचा अर्थ, दार तिकडे आहे.

त्याच महिन्यात राजधानी अक्राहून पत्र आलं. विद्यापीठाची मान्यता तपासायला समिती येणार, आणि प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवण्याचं काय प्रशिक्षण दिलं, हे विचारणार. कुलगुरूंनी जुन्या फायली उपसल्या. प्रशिक्षण म्हणून आजवर एकच झालं होतं: एका शनिवारी सगळ्यांनी हॉटेलात जेवून टोप्या वाटून घेतल्या होत्या.

सिनेटमध्ये अराबा उभी राहिली. "माझ्याकडे एक उपाय आहे. खर्च शून्य. प्रत्येक प्राध्यापकानं या सत्रात दुसऱ्या विभागाचा एक ऑनलाइन कोर्स करायचा. विद्यार्थी म्हणून. मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर. गृहपाठासकट."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग एकदम गलका झाला. धर्मशास्त्राचे डीन म्हणाले, हा ज्येष्ठांचा अपमान आहे. कायद्याचे प्रमुख म्हणाले, हे घटनाबाह्य असण्याची शक्यता आहे. पण 'खर्च शून्य' हे शब्द कुलगुरूंच्या कानात मधासारखे उतरले होते. त्यांनी हातोडा आपटला. "उत्तम कल्पना! सर्वांनी करायचं."

"तुम्हीसुद्धा, सर," अराबा म्हणाली.

कुलगुरूंचा हातोडा हवेतच राहिला.

तेवढ्यात बेडन सर सावकाश उठले. "माझी हरकत नाही. फक्त एक अट. मॅडम एसुमन यांनीही कोर्स करावा. आणि तो माझा असावा. संपूर्ण."

सभागृह पोट धरून हसलं. अराबानं मान डोलावली. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आपलाही एक पाय असतो, हे तिला त्या दिवशी नुसतं ऐकून ठाऊक होतं.

पुढचे काही आठवडे विद्यापीठात जे चाललं त्याला शिक्षण म्हणणं धाडसाचं ठरेल. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिस्तीचे डोस पाजणारी माणसं शाळकरी पोरांसारखी वागू लागली. धर्मशास्त्राच्या डीननी कायद्याच्या प्रमुखांचा गृहपाठ उतरवला, आणि इतक्या श्रद्धेनं उतरवला की खाली सहीसुद्धा त्यांचीच राहिली. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी आजी वारल्याचं सांगून मुदत मागितली. ते स्वतः पासष्टीचे होते. कुलगुरू व्हिडिओ लावून झोपायचे, आणि व्हिडिओ शेवटपर्यंत चालल्यामुळे यंत्र त्यांना 'अत्यंत एकाग्र विद्यार्थी' असा शेरा द्यायचं. तो शेरा त्यांनी छापून भिंतीवर लावला.

बेडन सरांच्या वाट्याला बालपोषणाचा कोर्स आला होता.

अराबा रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मोबाइल पाण्याच्या पिंपाला टेकवून बेडन सरांना ऐकायची. बांकूसाठी मक्याचं पीठ घोटता घोटता हात भरून यायचे, गोळा घट्ट व्हायचा, पण सर मुद्द्यावर यायचे नाहीत. आणि जेव्हा यायचे, तेव्हा, खरं सांगायचं तर, बरं बोलायचे. गावच्या पंचायतीत माणूस अर्ज घेऊन गेला की तो टेबलाटेबलावर कसा झिजतो, हे त्यांनी असं सांगितलं की तिचा चमचा थांबला. पण तो भाग पहिल्या लेक्चरच्या पार शेवटी होता. तिथं पोचेपर्यंत विद्यार्थी उरतो कोण?

विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप गट होता. सगळ्या ऑनलाइन कोर्सांचा एकच. त्याचं नाव होतं 'चार्ज संपला'. मान्सानं अराबाला त्यात घेतलं. "या, मॅडम. पण आत तुम्ही मॅडम नाही हं. आत सगळे भिकारी."

तिथं कळलं की बेडन सरांचं नाव 'मानपान' पडलंय. "आज मानपान ऐकला का?" "नाही रे, डेटा मानपानातच संपला." आणि मान्सा तर त्यांची हुबेहूब नक्कल करायची. तिची नक्कल ऐकण्यासाठी लोक लांबलांबचं नेटवर्क गाठायचे.

एका रविवारी दुपारी त्या गटात कुणा 'एको बी.'चा आवाजी निरोप आला. त्या किनाऱ्यावर एको नावाची माणसं माशांइतकी मुबलक, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. अराबानं सहज बटण दाबलं.

"आदरणीय अध्यक्ष, मान्यवर, बंधू आणि भगिनींनो… अं… बालपोषणाच्या गृहपाठासंबंधी एक नम्र पृच्छा आहे. सहा महिन्यांचं मूल नेमकं खातं काय?"

अराबाच्या हातातली पळी खाली पडली. हा आवाज ती रोज पिंपाला टेकवून ऐकत होती.

गटात मात्र आनंदाचा स्फोट झाला.

"एइ! भावा, कमाल!"

"मान्सापेक्षा भारी रे!"

"छे, इतकी काही जमली नाही," ताक्वाचा एक जण म्हणाला. "मानपान अजून नाकातून बोलतो. आणि मधे एक खोकला पाहिजे. पुन्हा कर बघू."

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. अराबा मोबाइलकडे बघत बसली. आता सर चिडणार, नावं काढून टाकणार, शिस्तपालन समिती बसवणार. मग दुसरा निरोप आला. तेच स्वागत, पण नाकातून. आणि मधोमध एक भरगच्च खोकला.

"हां, आता जमतंय!" ताक्वावाल्यानं पाठ थोपटली. "सराव चालू ठेव."

अराबा इतकी हसली की शेजारीण कुंपणावरून डोकावली. हसता हसता मधेच तिला कसंतरी झालं. त्या म्हाताऱ्या माणसानं दुसऱ्यांदा बटण दाबताना मनात काय आणलं असेल, ते तिला कळेना.

मान्सानं नंतर गटात फक्त बाळाच्या खाण्याचं उत्तर लिहिलं: मक्याची पातळ पेज, त्यात शेंगदाण्याचा कूट, वाळवलेल्या मासळीची पूड, आणि आईचं दूध चालूच. नक्कल मात्र त्या दिवसापासून तिनं बंद केली.

आता अराबाची पाळी. गृहपाठाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपायची, आणि घड्याळ ठरल्या वेळेवर आलं की यंत्र दार लावून घ्यायचं. हा नियम तिचा स्वतःचा. विद्यार्थी कारणं सांगतात, कारणांना अंत नसतो, म्हणून कारण ऐकणारा कानच काढून टाकला, असं ती मोठ्या अभिमानानं सांगायची. यूफीनं तेव्हाच म्हटलं होतं, "आंटी, हे घाना आहे, स्वित्झर्लंड नाही." ती म्हणाली होती, "म्हणूनच शिस्त हवी."

त्या शुक्रवारी तिनं लिहिलेलं सगळं तयार होतं. पाठवायचं तेवढं राहिलं होतं, आणि लाइट गेली. लाइट गेली तशी गावाचा टॉवरही गेला. ती मोबाइल घेऊन गच्चीवर गेली, मग रस्त्यावर, मग किल्ल्याच्या बाजूच्या चढावर, जिथं मासे विकणाऱ्या बायका तिच्याकडे 'बाईला काय झालं' अशा नजरेनं बघू लागल्या. नेटवर्क आलं तेव्हा दार बंद झालं होतं. पडद्यावर एक निरोप उमटला: 'आपल्या अडचणीबद्दल आम्हाला खेद आहे. कृपया पुढील सत्रात पुन्हा प्रयत्न करावा. – अराबा एसुमन, विभागप्रमुख.'

तिनं यूफीला फोन लावला.

"उघडू का मागच्या दारानं?" तो म्हणाला. "चावी माझ्याकडेच आहे."

"नको."

"बरं."

"…उघड."

"उघडतो."

"नको! थांब. मुलांना हे निरोप किती जातात रे?"

"आंटी, तुम्हाला राग येईल."

"सांग."

"वीज गेली की ढिगानं जातात. परवा कुमासीच्या एकानं उलट लिहिलं होतं, 'अराबा एसुमन ही खरी बाई आहे की यंत्राचंच नाव आहे?'"

तिनं फोन ठेवला. चढावरून उतरताना तिनं केंकीचे दोन उकडलेले गोळे आणि तळलेला मासा घेतला, आणि घरी तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती बेडन सरांच्या घरी गेली. सर व्हरांड्यात बसले होते, एका कानात इअरफोन, मांडीवर मोबाइल. त्यांच्या पत्नीनं पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाल्या, "सध्या यांना बाळाच्या पेजेशिवाय काही सुचत नाही. चार मुलं मी वाढवली, तेव्हा एकदाही विचारलं नाही."

अराबानं सगळं सांगितलं. वीज, टॉवर, चढ. सर शांतपणे ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सणाच्या दिवशीचं समाधान पसरत होतं.

"थोडक्यात, तुम्हाला मुदत वाढवून हवी."

"हो."

"नियम कुणाचा?"

"माझा."

"एकट्या तुम्हाला सवलत दिली तर तो वशिला. सगळ्यांना दिली तर ते धोरण. हे तिसऱ्या लेक्चरच्या शेवटी आहे. ऐकलंत ना?"

"तिसऱ्याच्या शेवटापर्यंत कुणीच पोचत नाही, सर," अराबा बोलून गेली. "मी तर पोचलेच नाही."

सरांनी इअरफोन काढून त्याची वायर बोटाला गुंडाळली. "तुम्ही त्या गटात आहात?"

"आहे."

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"त्या नर्सनं ओळखलं मला. खोकल्यावरून. मला वेगळं लिहिलं तिनं. माफी मागितली." त्यांनी समुद्राकडे बघितलं. "मी विचारलं, बाई, माफी राहू दे, तू माझं ऐकतेस किती ते सांग. ती म्हणाली, तिच्या वाटेवर एक टेकडी आहे. गाडी चढाला लागली की नेटवर्क नीट येतं, उतरली की अडखळतं. तेवढ्यात जे येईल ते ती शिकते. माझं स्वागत संपतं तेव्हा टेकडी संपलेली असते."

अराबानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग मी मानपान काढून टाकला. नुसतं शिकवणं किती उरतं ते बघितलं. फार थोडं उरतं, मॅडम."

"तेवढंच पुरेसं आहे, सर."

"पुरेसं?" सर एकदम हसले. "तेवढ्यावर मी अख्खी नोकरी काढली!"

आतून सरांच्या पत्नीचंही हसणं ऐकू आलं. मग व्यवहार ठरला. अराबानं यंत्राचं दार बदलायचं: मुदतीनंतरही आठवडाभर उघडं, आणि लेक्चर एकदा उतरवून घेतलं की नेटवर्कशिवाय ऐकता आलं पाहिजे. सरांनी लेक्चरं पुन्हा करायची, टेकडीएवढी. नुसत्या आवाजाची.

ध्वनिमुद्रण शेळ्यांच्या खोलीत झालं. पहिल्या प्रयत्नात सरांनी "आदरणीय" म्हटलं आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या वेळी बाहेरून मूळव्याधीचं औषध विकणारी गाडी भोंगा लावून गेली. तिसऱ्या वेळी सर सरळ म्हणाले, "पंचायतीत एक बाई अर्ज घेऊन येते," आणि थांबले ते बोलून संपल्यावरच. यूफीनं टाळी वाजवली, त्यामुळे तेही ध्वनिमुद्रण फुकट गेलं.

"मूर्ख!" अराबा ओरडली.

"आंटी, मन भरून आलं, त्याला काय करू?"

"पुन्हा बोलतो," सर म्हणाले. ते खूश दिसत होते.

सगळं गोड झालं असं नाही. पळालेल्या विद्यार्थ्यांपैकी काही परतले, बरेच परतले नाहीत. त्यांचे फोन लागायचे बंद झाले होते. मान्सा राहिली. ती पास झाली, पण गुण बेताचे, कारण परीक्षेच्या आठवड्यात तिच्या दवाखान्यात गोवर पसरला होता. बेडन सर बालपोषणात पहिले आले आणि ही बातमी त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली. अराबाला त्यांनी काठावर पास केलं. तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "उत्तरं बरोबर होती. पण प्रस्तावना फार लांब."

अक्राची समिती आली, कुलगुरूंच्या भिंतीवरचा शेरा वाचून प्रभावित झाली, भरपेट जोलोफ भात जेवली आणि मान्यता देऊन गेली.

पुढच्या सिनेटला ठराव आला: प्राध्यापकांनी विद्यार्थी होण्याची योजना तात्काळ बंद करावी. इतकी गर्दी सिनेटला कधीच झाली नव्हती. आजारी रजेवरचे दोघं काठी टेकत आले. ठराव एकमतानं मंजूर झाला. बाजूनं पहिला हात बेडन सरांचा.

"सर, तुम्हीसुद्धा?" बाहेर आल्यावर अराबानं विचारलं.

"गोवर एकदा झाला की पुरे असतं, मॅडम. पुन्हा पुन्हा होऊ नये." ते जरा वाकले. "तुमचा पुढचा ठराव कधी आणताय? आधी सांगा, म्हणजे मी विरोधाची तयारी करून येतो."

यूफी गाडी घेऊन उभाच होता. त्याला वाटलं होतं बाई रडवेल्या येतील. त्या आल्या आणि पुढच्या सीटवर धपकन बसल्या.

"हरलो का, आंटी?"

"सगळ्यांनी मिळून हरवलं. एकमतानं." तिनं चपला काढल्या. "पण यंत्राचं उघडं दार बंद करायचा ठराव आणायचं कुणाला सुचलं नाही. चल लवकर, सुचायच्या आत."